उलट्या हाताचं घर

मुरुडला माझ्या मामांच्या घरी फ्रिजची वेगळी चप्पल आहे. निळ्या पट्ट्यांची, रबरी, टाचेला झिजलेली. ज्याला दूध काढायचं असेल त्यानं आधी ती पायात घालायची आणि मगच फ्रिजच्या दाराला हात लावायचा. पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी देतात, बसायला सतरंजी टाकतात आणि सांगतात, "फ्रिज उघडायच्या आधी तेवढी चप्पल घालत जावा." पाहुणाही मान हलवतो, कारण त्याच्याही घरी मिक्सर लावताना उभं राहायला लाकडी पाट असतो. मला या सगळ्याची इतकी शिसारी आहे की तिथं गेले की मी बिनदुधाचा चहा पिते.

मामांचं नाव गुरुपादप्पा. सरकी पेंडेचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. गावात त्यांना मान आहे. मठातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांचं नाव रंगवलेलं आहे. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून गुरुपादप्पाला थंडीतच मठात जायला आवडतं, असं माझी आई म्हणायची. आई त्यांची सख्खी बहीण, तिला बोलायचा हक्क होता. मी भाची. नांदेडला एका शाळेत चित्रकला शिकवते आणि सणावाराला मुरुडला जाते. मामा माणूस दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर निदान त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या घरात करंट लागतो असं कुणी म्हणत नाही. "मुंग्या येतात" म्हणतात. तक्रार केली की मामांचं उत्तर ठरलेलं, "मुंग्या आल्या म्हंजे लाईट हाय. लाईट नसली तर बोंबलता, असली तरी बोंबलता." यावर बैठकीतले सगळे हसतात. मामांना मात्र आजवर एकदाही मुंग्या आलेल्या नाहीत. येतील कशा? त्यांनी कधी फ्रिज उघडला नाही, मिक्सर धरला नाही, धुण्याच्या मशिनीत हात घातला नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा अंबिकामामी बादलीत काढून ठेवते, मामा नुसता तांब्या बुडवतात. करंट बायकांनाच लागतो, कारण वस्तूंना हात बायकांचाच लागतो.

आजोबांच्या हयातीत हे असं नव्हतं. धोंडप्पा आजोबांनी घर बांधलं तेव्हा अंगणात बेलाच्या झाडाजवळ खड्डा घेऊन त्यात तांब्याचा जाड चौकोनी पत्रा पुरला होता आणि भोवती मीठ-कोळसा भरला होता. घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटमधून एक तार त्या पत्र्यापर्यंत जायची. कुठं वायर उघडी पडली, मशीन बिघडलं, तर करंट माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेनं जमिनीत उतरावा, एवढ्यासाठी ती सगळी खटपट. आमच्याकडं उन्हाळ्यात माती भाजून निघते आणि कोरड्या मातीत करंट मुरत नाही, म्हणून आजोबा रोज संध्याकाळी तिथं बादलीभर पाणी ओतायचे. आम्हा मुलांना वाटायचं, बेलाला घालतात. मामांनाही तसंच वाटायचं. फरक एवढाच की आम्ही तेव्हा लहान होतो.

आजोबा गेले, पाणी थांबलं. पुढं मामांचा मुलगा राजशेखर याचं लग्न ठरलं आणि अंगणात चकचकीत फरशी टाकायचं निघालं. खणताना गवंड्याच्या कुदळीला तो पत्रा लागला. हिरवागार पडलेला, मातीनं माखलेला. झालं. मामांच्या डोक्यात आलं की हा निजामाच्या काळचा ताम्रपट असणार, कुणी आपल्या पूर्वजांना इनाम दिलेलं असणार. मामीला चिंच आणि राख घेऊन बसवलं. तिनं दिवसभर घासून पत्रा लख्ख केला. अक्षर एकही निघालं नाही. तरी मामा हार मानतात होय? बेलाखालून तांबं निघालं म्हणजे ते देवाचंच, घरात ठेवायला नको, असं त्यांनी ठरवलं. लातूरच्या तांबटाकडून त्याची मठासाठी गळती करून घेतली, पिंडीवर टांगतात ती, बुडाला भोक असलेली. तिच्या काठावर नाव कोरलं. चिंचेनं मामीच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, तिचं नाव अर्थात नव्हतं.

पत्रा गेला आणि तार तोडलेली तशीच लोंबकळत राहिली. मग वायरमन रामकिशनला बोलावणं गेलं. रामकिशन तोंडात गुटख्याचा तोबरा धरून आला, तार बघितली आणि म्हणाला, "आप्पा, ही कुठंतरी बांधावी लागंल." मामा म्हणाले, "बांध की मग कुठंबी." त्यानं ती न्हाणीच्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली. तेव्हा तो पाइप निदान जमिनीत तरी जात होता. पुढं पाणी आटलं, नवं बोअर घेतलं, आणि भिंतीबाहेरचा सगळा पाइप काळा प्लॅस्टिकचा झाला. आतले नळ लोखंडी तसेच राहिले. म्हणजे घरभरचा चुकलेला करंट त्या तारेनं न्हाणीतल्या नळापर्यंत यायचा आणि पुढं जायला वाट नाही म्हणून तिथंच थांबायचा, कुणीतरी ओल्या हातानं नळ धरेपर्यंत.

तो कुणीतरी म्हणजे रुद्राणी. राजशेखरची बायको, जळकोटची. लग्न होऊन आली तेव्हा मोठमोठ्यानं हसणारी, शिडीवर चढून स्वतः पताका लावणारी मुलगी होती. वर्षभरानं मी पाहिलं तर ती घरातल्या प्रत्येक वस्तूला आधी उलटा हात लावत होती. बोटांची मागची बाजू नळाला पटकन टेकवायची, काही जाणवलं नाही तरच हात सुलटा करायचा. फ्रिज, मशीन, खिडकीचा गज, सगळ्याला तसंच. मी विचारलं तर म्हणाली, "रामकिशनभाऊनी सांगितलंय ताई. तळहात लावला की मूठ आवळती अन् सुटत न्हाई. उलटा हात लावला की झटका बसतो पर हात बाहेर फेकला जातो." एवढं शहाणपण त्या माणसानं तिला शिकवलं. स्वतः गुंडाळलेली तार सोडवून नीट लावावी, हे मात्र त्याला सुचलं नाही.

तिनं आणखीही एक शोधून काढलं होतं. बैठकीतला लोखंडी कूलर लावला की न्हाणीतला नळ जास्त चावतो. म्हणून आंघोळीला जाताना ती न्हाणीच्या दारातून हाक मारायची, "कूलर बंद हाय का?" आतून कुणीतरी "हाव" म्हणायचं, मग ती कडी लावायची. देवाला नमस्कार करावा तितक्या नेमानं हे चालायचं आणि घरातल्या कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. सून आंघोळीला जायच्या आधी जिवाची खात्री करून घेते, यात विचित्र ते काय!

गेल्या मे महिन्यात तिला सातवा होता. ओटीभरणाला मी दोन दिवस आधीच गेले. ओटी झाली की जळकोटला, माहेरी बाळंतपणाला जायचं होतं. गेल्या गेल्या न्हाणीत हात धुवायला नळ धरला आणि कोपरापर्यंत सणक गेली. मुंग्या कसल्या, कुणीतरी हातोडा घातला असं वाटलं. माझं डोकं फिरलं. मी रामकिशनला बोलावून घेतलं आणि मामांसमोर उभं केलं.

"कूलरच्या मोटरीत पाणी शिरून राहिलंय," रामकिशन म्हणाला. "त्यो करंट कूलरच्या पत्र्याला येतो, तिथनं तारंनं नळाला. अर्थिंग पाहिजे आप्पा. नवा खड्डा घेऊ, नवी प्लेट टाकू. अर्ध्या दिवसाचं काम."

"कुठं घेतोस खड्डा?"

"जुन्याच जागी. बेलापाशी. फरशीचे दोन तुकडे काढावे लागतील."

मामांनी कानाला हात लावला. "घरात पोटुशी बाई हाय. आता खणत असतेत व्हय? खिळा ठोकत न्हाईत अशा घरात. पोराला व्यंग येतं."

आम्ही लिंगायत, आमच्यात सूतक पाळत नाहीत. विटाळ नाही, सूतक नाही, आपला धर्म किती पुढारलेला, हे मामा येईल त्याला ऐकवतात. आणि तेच मामा, पोटुशी बाई असलेल्या घरात कुदळ मारायची नाही, हे मात्र कवटाळून बसले होते. जिच्यासाठी हा नेम, तीच रोज त्या नळाखाली बसत होती.

"मामा, तिचं काही बरंवाईट झालं तर?"

"आजवर झालंय का काही? आन् चार दिसात जातीच हाय की जळकोटला. बाळंत होऊन येऊ दे, मग खणू. पळून चाललंय का बेलाचं झाड?"

"मग तोवर कूलर तरी काढून टाका."

"या उन्हात? सोयरे येनारेत, त्यांना काय सुपानं वारा घालू?"

मी म्हटलं, ज्या पत्र्याची तुम्ही गळती केली तोच आजोबांनी यासाठी पुरला होता. मामा म्हणाले, "दिलेलं दान मागं घेत न्हाईत, सुकन्या." मी दान मागं घ्या म्हटलंच नव्हतं. पण त्यांना तेवढंच ऐकू आलं. राजशेखरकडं पाहिलं, तर तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणाला, "बाबा म्हनतेत तर बरोबरच असंल." रामकिशन दाराबाहेर जाऊन थुंकला आणि स्कूटर काढून निघून गेला. मालक नाही म्हणाला, त्याचं काम संपलं. मला त्या तिघांचीही किळस आली. रुद्राणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "जाऊ द्या ताई. चारच दिस हायत. मी इचारून जाते की न्हाणीत."

ओटीच्या सकाळी घरात गडबड. मी आणि मामी पुरणाला लागलो होतो. रुद्राणी नवं लुगडं हातावर टाकून न्हाणीकडं गेली, दारातून तिनं हाक मारली, "कूलर बंद हाय का?" मी स्वतः बैठकीत डोकावले. बंद होता. "हाव, बंद आहे," मी ओरडून सांगितलं. तिनं कडी लावली.

आणि मग जळकोटचे पाहुणे आले. तिचेच आईवडील. उन्हातून जीपनं आलेले, घामानं निथळणारे. मामा पुढं झाले, हात जोडून शरणार्थ झाला, गुळपाणी झालं. "बसा, बसा, वाऱ्याला बसा," म्हणत मामांनी कूलरचं बटन दाबलं. त्या घरात त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलेलं ते एकमेव बटन असावं. मला स्वयंपाकघरात कूलरची घरघर ऐकू आली. हातातलं लाटणं टाकून मी उठतच होते, तेवढ्यात न्हाणीत बादली कलंडली. किंकाळी वगैरे काही नाही. नुसती बादली, आणि मग काहीतरी जड आपटल्याचा आवाज.

मी बैठकीत धावले आणि कूलरची वायर भिंतीतून उपटून काढली. तिचे वडील कूलरसमोर बसले होते, सदऱ्याची वरची बटनं सोडून. माझ्याकडं बघतच राहिले. राजशेखरनं न्हाणीचं दार खांद्यानं फोडलं. रुद्राणी भिंतीला टेकून पडली होती, एक हात अजून नळाखाली. उजवा तळहात भाजून पांढरा झालेला. त्या दिवशी तिनं सुलटा हात लावला होता. मी बंद आहे म्हणाले होते ना.

मामा दारात आले. आत डोकावून त्यांनी पहिलं वाक्य काय काढलं असेल? "चप्पल का घातली न्हवती हिनं?"

ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

लातूरला दवाखान्यात नेलं. रुद्राणी वाचली. बाळाचे ठोके थांबले होते. मुलगा होता, असं नर्सनं सांगितलं, आणि मामी खाली फरशीवर बसली ती तासभर उठली नाही. बाहेर बाकड्यावर मामा भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, "न्हाणीत पाय घसरला." पेंडवाल्यांना हेच सांगितलं, मठाच्या स्वामींना हेच सांगितलं. व्याह्यांनाही हेच सांगायला लागले, तेव्हा रुद्राणीचे वडील उठून चालू लागले. भांडणार कसे? मुलगी अजून त्या घरात नांदायची होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मामा फोनवर बोलत होते. मी मागून उतरत होते, त्यांना दिसले नाही. "हाव रामकिशन, उद्याच ये," ते म्हणत होते. "आता खणायला काय हरकत न्हाई."

आवाजात दुःखही नव्हतं आणि शरमही नव्हती. अडचण होती, ती दूर झाली, एवढंच.

रामकिशननं खरंच अर्ध्या दिवसात काम उरकलं. फरशीचे दोन तुकडे निघाले, नवी प्लेट गेली, मीठ-कोळसा गेला, तुकडे पुन्हा बसले. बघितलं तर कळणारही नाही.

रुद्राणीला तिच्या आईनं जळकोटला न्यायचं काढलं. मामा म्हणाले, आधी मठात रुद्राभिषेक करू, घराला शांती पाहिजे, मग न्या. सूतक आपल्यात नसतंच, त्यामुळं कसली अडचण नव्हती. मी जाणार नव्हते. पण रुद्राणी म्हणाली, "ताई, तुम्ही या," म्हणून गेले. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. ती आमच्यात कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हती.

मठात गार होतं. पंखा फिरत होता, नाव काही वाचता येत नव्हतं. पिंडीवर ती गळती टांगलेली होती, चिंचेनं घासलेली, लख्ख. थेंब थेंब पाणी पडत होतं. काठावर ठसठशीत अक्षरात कोरलेलं, श्री गुरुपादप्पा धोंडप्पा, मुरुड. आजोबांचं नाव शेवटी त्याच तांब्यावर आलं होतं, ज्याच्यावर ते आयुष्यभर पाणी ओतत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते भक्तीनं नव्हे, संतापानं.

गळतीतलं पाणी संपत आलं. स्वामी म्हणाले, "सूनबाईच्या हातानं भरू द्या." मामांनी पाण्याचा तांब्या रुद्राणीच्या डाव्या हातात दिला. गळती हलू नये म्हणून काठ धरायचा होता. रुद्राणी पुढं झाली, पट्टी बांधलेला उजवा हात वर केला, आणि काठाला आधी बोटांची मागची बाजू टेकवली. पटकन, आणि पटकन काढून घेतली.

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "देवाच्या भांड्याला उलटा हात लावतेत का, रुद्राणी?"

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं.

"आपल्याच घरचा पत्रा हाय न्हवं मामा," ती म्हणाली. "म्हणून बघितलं."

मग तिनं काठ धरला आणि गळतीत पाणी ओतलं.